उताराकडचा बांध

उन्हाळाभर सगळं गाव टेकडीवर चर खोदत होतं. माती उताराच्या बाजूला रचायची, म्हणजे पावसाचं पाणी अडतं आणि जमिनीत मुरतं. आता हात आपोआप चालायचे.

काम संपत आलं आणि हबीबचाचांची बायको नूरजहां वारली. टेकडीवरची माणसं तीच फावडी घेऊन कब्रस्तानात आली. सगळं उरकल्यावर त्यांच्यातला प्रसेनजित थबकला. उरलेल्या मातीचा सगळ्यांनी सवयीनं कबरीच्या उताराकडे बांध घातला होता.

“चाचा, चुकलं आमचं. इथं पाणी साचन. फोडतो लगेच.”

हबीबचाचांनी त्याचं फावडं धरलं.

“राहू दे. जिंदगीभर हंडे घेऊन पाण्यामांगं चालली. आता पाण्यालेच येऊ दे तिच्यापाशी.”