येतानाची वाट

कुवेतमधल्या अम्गराच्या भंगारयार्डात जयराम जेवायला बसला होता, तेवढ्यात गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्याची बायको अक्षदा खांद्याला बंदूक अडकवून भर बाजारपेठेतून चालली होती आणि माणसं भराभर बाजूला होत होती. खाली चुलतभावाने लिहिलं होतं, 'कुवेतवाल्याची राणी.'

बंदूक शेतीसंरक्षणाची, डुकरं हाकायची. वडील गेल्यावर जयरामनेच परवाना तिच्या नावावर करून घेतला होता. शेजारी जेवायला बसलेल्या रितेशनेही व्हिडिओ पाहिला आणि खुबूसची रोटी मोडली.

जयरामने फोन लावला. "गावभर मिरवायची काय गरज होती? गोणपाटात गुंडाळून न्यायची."

"निवडणूक लागली ना, पोलीस ठाण्यात जमा करायची होती. बंदूक बघून रिक्षावाला थांबेना, म्हणून चालत गेले."

"सगळे हसतायत."

"जाताना कोणी हसत नव्हतं."

"आणि येताना?"

"येताना हात मोकळे होते. माणसं तीच, तुमचा चुलतभाऊपण होता. कोणी वाट दिली नाही. अंग चोरून त्यांच्यामधनं यावं लागलं." भात शिजला असं सांगावं, तशा आवाजात ती बोलली.

जयरामने हातातला खुबूस खाली ठेवला. जेवणाची सुट्टी संपली, यार्डातली क्रेन चालू झाली, तरी त्याने फोन ठेवला नाही. मग त्याने एवढंच विचारलं,

"बंदूक परत कधी मिळते?"