एकदाच तर जायचंय

दुकानात उभारून ठेवलेल्या तंबूबाहेर चपला काढून मी आत जाऊन बसले आणि बाहेर यायला साफ नकार दिला.

“अगं, न्यूझीलंडमध्ये तंबूपासून स्लीपिंग बॅगांपर्यंत सगळं भाड्याने मिळतं,” नवरा वाकून कुजबुजला. “विकत कशाला? एकदाच तर जायचंय!”

एकदाच तर! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी शालूची कौतुकाने घडी घालत होते, तेव्हा सासूबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. सुनेला द्यायचा शालू या लोकांनी भाड्याने आणला होता! “एकदाच तर नेसायचा असतो,” असं वर मलाच ऐकवलं. हा शेजारीच चहा भुरकत उभा होता.

“आणि परत आल्यावर या तंबूचं करायचं काय?” त्याने आवाज चढवला.

“पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. तुला नसेल यायचं, तर नको येऊस!”

इतका वेळ लाजून लांब उभी राहिलेली आमची लेक पुढे आली. मला वाटलं, आता हीही मला उठवणार. तिने माझ्या चपलांशेजारी आपले बूट काढले, आत शिरली आणि तंबूची चेन ओढून घेतली.