उधनाकाकांचं हेलिकॉप्टर

शेपटीचा पंखा सुकून घट्ट बसला होता. पोपटरावांनी पातळ ब्लेड घालून तो अलगद सोडवला, शेपटीच्या दुसऱ्या बाजूला लावला आणि गोंद धरेपर्यंत बोटाने दाबून ठेवला. मग खिडकीच्या उजेडात फोटो काढून फेसबुकवरच्या ग्रुपमध्ये टाकला.

'बरोबर आहे का, सर?'

उत्तर यायला वेळ लागणार हे ठाऊक असूनही ते फोनकडे बघत बसले. खालच्या गाळ्यात कापड विणणारे लूम धडधडत होते. टेबलावरची रंगाची बाटली त्यांच्या हादऱ्याने बारीक थरथरत होती.

सुटे भाग जोडून छोटी लष्करी विमानं, रणगाडे, हेलिकॉप्टरं बनवणाऱ्यांचा तो ग्रुप. बंगळुरूचा प्रफुल्ल नावाचा तरुण तो चालवायचा. सगळे त्याला सर म्हणत. बाकीचे बरेच जण टोपणनावाने असायचे. पोपटरावांनी सुरतमधल्या जवळच्याच उधना भागावरून 'उधनाकाका' हे नाव घेतलं होतं.

'काका, एमआय-१७ चा मागचा पंखा डावीकडे असतो,' प्रफुल्लचं उत्तर आलं. 'उजवीकडे जुन्या एमआय-८ ला असायचा. जपून काढा. घाई करू नका.'

'बरं झालं सांगितलंत. जेवलात का?'

'आता बसतोय, काका.'

मग पोपटरावांनीही आपलं ताट वाढून घेतलं.

शेजारच्या खोलीत नीलम राहायला आली होती, बुलढाण्याकडची. नवरा कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये पाळीवर गेला की एखादी भाजीची वाटी घेऊन ती डोकावायची. म्हातारा एकटा आहे, बायको वारली आहे, आधी मिलच्या रंगखात्यात होता, एवढंच तिला माहीत होतं. सणावारालाही त्यांच्या दारात दुसऱ्या कुणाच्या चपला तिने पाहिल्या नव्हत्या.

"पोपटकाका, रंग तर किती सफाईनं देता तुम्ही," हिरव्यावर मातकट पट्टे ओढणारा त्यांचा हात बघत ती म्हणाली. "मग त्या सरला सारखं काय विचारत राहता?"

"विचारलं की तो सांगतो," पोपटराव म्हणाले.

प्रफुल्ल खरंच मन लावून सांगायचा. वरची मोठी पाती पोपटरावांनी ताठ आडवी लावली, तेव्हा त्याने लिहिलं, 'उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, काका. गरम पाण्यात धरून जरा वाकवा. नाहीतर ते खोटं दिसतं.'

'हे कुणी शिकवलं तुम्हाला?'

'वडिलांनी.'

'काय करतात ते?'

'नाहीत आता.'

पोपटरावांनी फोन पालथा ठेवला. ब्रश नळाखाली धरला. रंग निघून गेला, पाणी स्वच्छ झालं, तरी ते ब्रश चोळतच राहिले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हेलिकॉप्टरच्या काचेवर गोंदाचे डाग पडल्याचा फोटो पाठवला.

हेलिकॉप्टर पुरं होत आलं. दारावरचा तिरंगी गोल तेवढा चिकटवायचा राहिला होता. तेव्हाच प्रफुल्लचा खासगी निरोप आला.

'काका, रविवारी कामासाठी सुरतला आहे. तुमचं हेलिकॉप्टर बघायला येऊ का?'

पोपटरावांनी लिहिलं, 'अजून नीट झालं नाही.' ते पुसलं. 'मी गावी आहे,' असं लिहिलं. तेही पुसलं.

नीलमला त्यांनी फोन दाखवला, तशी ती उखडलीच. "काका, अनोळखी माणसाला घरचा पत्ता? एकट्या म्हाताऱ्यांना गोड बोलून काय काय करतात लोक! तोंड पाहिलंय का त्याचं कधी?"

"फोटो आहे की त्याचा."

"फोटो कुणाचाही लावतात. नका देऊ!"

ती गेल्यावर त्यांनी फोन पुन्हा उघडला. मग एकेक अक्षर शोधत पूर्ण पत्ता लिहिला: भेस्तान, सोसायटीचं नाव, इमारत, मजला, खोली. बोट पाठवायच्या बाणावर नेलं, मागे घेतलं. शेवटी डोळे मिटून दाबलं.

निरोप वाचल्याची खूण लगेच दिसली. उत्तर मात्र आलं नाही.

त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. ग्रुपवरही सर दिसेनात. पोपटरावांनी तिरंगी गोल जागच्या जागी बसवला, फोटो काढला आणि तसाच फोनमध्ये राहू दिला.

"बघा, पळाला," नीलम म्हणाली. "सुटलात म्हणा." पण त्यांचा चेहरा बघून तिला आपलंच बोलणं टोचलं. "काका, तो नाही तर नाही. आमच्याकडे या जेवायला."

"येईन," ते म्हणाले, आणि गेले नाहीत.

रविवारी लूम बंद होते. पोपटरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि कुणी येणार नाही असं मनाशी म्हणत फरशी पुसून काढली. नीलम चहाला म्हणून येऊन बसली. खरं तर ती पहारा द्यायलाच आली होती.

बेल वाजली.

पोपटराव उठले आणि दाराकडे जायचं सोडून ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"मी बघते," नीलम म्हणाली. "ठीक वाटला नाही तर बाहेरूनच परत पाठवते."

"थांब, नीलम." ते दाराकडे निघाले. "मीच उघडतो."

बाहेर फोटोतलाच तरुण उभा होता, दाढी वाढलेला, खांद्याला बॅग. नमस्कार नाही, ओळख देणं नाही. आत डोकावून हेलिकॉप्टर कुठे आहे तेही त्याने पाहिलं नाही. तो नुसता पोपटरावांकडे बघत होता.

"काय काम आहे, भाऊ?" नीलमने मागून जरबेने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"आई गेली तेव्हा या दारापर्यंत येऊन परत गेलो होतो, बाबा," तो म्हणाला. "आज आत येऊ?"