रानहंसांचं तळं

पंपाची घरघर थांबली होती. काठावर येताना सुचित्राच्या लक्षात आधी तेच आलं. पाणी नाही हे मग दिसलं.

आखातातल्या अल दुहैलमधल्या त्यांच्या कंपाउंडमागचं हे तळं तसं खरं नव्हतंच. स्टेडियमकडे जाणाऱ्या भुयारी रस्त्यासाठी खोल खड्डा खणला होता, त्यातलं पाणी उपसून इथे सोडत. रानहंसांच्या एका जोडीला मात्र ते पुरलं. मार्चमध्ये मादीनं काठच्या बोरूच्या गवतात अंडी घातली आणि सुचित्रा रोज दुर्बीण घेऊन यायला लागली. पिल्लं बाहेर पडली त्या दिवशी तिनं घरी शिरा केला होता.

आज नुसता चिखल होता, कडेनं तडकायला लागलेला. नर मान ताणून ओरडत होता. मादी चालत निघाली होती, आणि पंख न फुटलेली पिल्लं तिच्यामागे रांगेनं, थेट हायवेच्या दिशेनं.

तिनं नवऱ्याला फोन केला. संजीव त्याच भुयारी रस्त्याच्या कामावर होता, साइट जवळच होती. तो गाडी काढून लगेच आला.

"पंप बंद केलात?"

"काम झालं. खलास." तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून."

"आणि मी रोज जेवताना पिल्लांचं सांगायचे, ते तू ऐकून घेत होतास?"

"महिनाभर चालू ठेवा म्हणून विचारलं होतं गं मी. वर्ल्डकप तोंडावर आलाय, कोण ऐकतंय?"

सुचित्रानं ओढणी पसरून वाट अडवली. मादी फिस्कारली, बाजूनं वळली आणि पुन्हा हायवेकडेच निघाली. सुचित्रा पुन्हा आडवी गेली, पुन्हा तेच. ती रडकुंडीला आली.

तेव्हा संजीवनं गाडीतून साइटवरचं चमकणारं जॅकेट काढून अंगात चढवलं आणि सरळ रस्त्यात उतरून दोन्ही हात वर केले. गाड्या करकचून थांबल्या. भोंगे वाजले. एकानं काच खाली करून अरबीत बरंच काही सुनावलं. संजीव नुसता मान हलवत राहिला. हंसांना कसली घाई नव्हती. पलीकडच्या कठड्यावरून शेवटचं पिल्लू घसरलं, परत घसरलं, आणि एकदाचं चढलं.

सुचित्रा टाळ्या वाजवत त्याच्याकडे धावली. "आता पोचतील ना पाण्यापर्यंत?"

संजीव जॅकेटची चेन काढत होता.

"पलीकडे पाणी नाहीये, सुचित्रा. पार्किंग आहे. नजर पोचेल तिथपर्यंत."

"मग गाड्या कशाला थांबवल्यास?"

"तू बघत होतीस म्हणून."

गाड्या पुन्हा सुटल्या. मधल्या फटींतून तिला दिसत राहिलं: हंसांची जोडी चालायची थांबली होती, आणि तापलेल्या नव्या काळ्या डांबरावर पिल्लं आळीपाळीनं एकेक पाय वर उचलत उभी होती.