गॅलरीखालची गाडी

वुकाशिनने गाडीची मागची सीट काढून अंगणातल्या बाकावर ठेवली, तेव्हाच ल्युबिंकाच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारभर तो गाडीत वाकलेला होता. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत त्याने जाड वायर ओढली, मागच्या स्पीकरच्या वायरींना जोड दिले आणि शेवटी डिक्कीत एक भलामोठा काळा डबा बसवला. कंपनीचा साधा रेडिओ मात्र होता तिथेच ठेवला.

"हे काय रे मांडलंयस?" ल्युबिंकाने गॅलरीतून विचारलं.

"सबवूफर आहे, मावशी."

"त्याने काय होतं?"

"आवाज भरीव येतो," तो वर न बघता म्हणाला.

तो भरीव आवाज संध्याकाळी क्रालयेवो शहरातल्या त्या जुन्या वसाहतीला कळला. खिडक्या थरथरल्या, कपाटातल्या बशा किणकिणल्या. गाणं कुठलं ते समजत नव्हतं, नुसतं धम् धम् धम्.

मग ते रोजचंच झालं. ऊन कललं की वुकाशिन गाडी स्वतःच्या गॅलरीखाली आणून लावायचा, आवाज चढवायचा आणि वर निघून जायचा. ऐकायलासुद्धा थांबायचा नाही. अंधार पडल्यावर मान खाली घालून यायचा आणि बंद करायचा.

"चाळिशी आली, ना बायको ना पोर," ल्युबिंकाचा नवरा मिलिवोये म्हणायचा. "आता डबा वाजवून पोरी पटवतोय गाढव!"

ल्युबिंकाला हसू यायचं नाही. वुकाशिन तिच्या मैत्रिणीचा, देसांकाचा मुलगा. तिच्याच मांडीवर वाढलेला. लोक त्याला शिव्या घालायचे तेव्हा तिलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि देसांका तरी कुठे होती? हिवाळ्यापासून आजारी आहे, एवढंच कळलेलं. चाळीस वर्षं दोघींची सकाळची कॉफी चुकली नव्हती. ईस्टरला ल्युबिंका अक्रोडाची पोळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली, तर वुकाशिनने दार जेमतेम किलकिलं केलं.

"आई झोपलीय, मावशी."

आत देसांका कुणाशी तरी मोठ्याने बोलत असल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी भिकाऱ्याला परत पाठवावं तशी ती ताट घेऊन जिना उतरली. पोळी तिने घरी कुणाला दाखवलीसुद्धा नाही.

ऑगस्टमध्ये तिचा मुलगा नेबोयशा व्हिएन्नाहून आला. सोबत बायको आणि पाळण्यातली मुलगी. मिलिवोयेचे पाय जमिनीवर नव्हते. नातीला कडेवर घेऊन तो दारोदार हिंडला. संध्याकाळी कलिंगड कापलं, ब्रँडीचे पेले भरले, बाळ नुकतंच झोपलं आणि खाली सुरू झालं. धम् धम् धम्.

बाळ दचकून उठलं आणि किंचाळायला लागलं.

"आज त्या गाडीच्या काचाच फोडतो!" मिलिवोये उठला.

"तुम्ही थांबा. मी बोलते त्याच्याशी," ल्युबिंका म्हणाली. पण तो थांबणारा नव्हता. मागोमाग नेबोयशा उतरला आणि तीही.

वुकाशिन अजून गाडीपाशीच होता, दार उघडं टाकून बटणं फिरवत. आजूबाजूच्या गॅलऱ्या भरल्या. एवढ्या लोकांदेखत भांडायचं या विचारानेच ल्युबिंकाचं तोंड तापलं होतं.

"बंद कर हे!" ती आवाजावर ओरडली.

"मावशी, थोडा वेळ. अंधार पडेपर्यंत फक्त."

"तुला एवढी हौस आहे तर घरात लाव की!"

"घरात आईला सहन होत नाही."

"आणि आमच्या तान्ह्या पोरीला होतं?" मिलिवोये गरजला. "लाज वाटते का रे काही?"

"वाटते, काका." वुकाशिनचे कान लालबुंद झाले होते. "रोज वाटते."

"आजारी आई वर एकटी, आणि तू इथे तमाशा करतोस," ल्युबिंका म्हणाली. "तिला कोंडून ठेवलंयस. मला, मलासुद्धा भेटू देत नाहीस! देसांकाच्या पोटी असला दिवटा निपजावा?"

वुकाशिनने तिच्याकडे बघितलं. मग मिलिवोयेकडे, मग नेबोयशाकडे. तो तिच्या कानाशी वाकला.

"मावशी, पाया पडतो. आधी या दोघांना वर पाठवा. मग तुम्ही म्हणाल ते करतो."

"का? त्यांच्यादेखत बोलायला जीभ झडते?"

"तुमच्यासाठीच सांगतोय."

"माझ्यासाठी!" ती मागे सरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ऐकलंत का? हा धिंगाणा म्हणे माझ्यासाठी चाललाय!"

गॅलऱ्यांमधून हशा पिकला. वुकाशिन गाडीच्या दारात आडवा उभा राहिला, तेव्हा नेबोयशाने त्याला दंडाला धरून बाजूला केलं. लहानपणी दोघं याच अंगणात फुटबॉल खेळलेले. वुकाशिनने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण त्याच्यावर हात काही उगारला नाही.

ल्युबिंकाने गाडीत वाकून किल्ली फिरवली.

आवाज थांबला. समोरच्या गॅलरीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वुकाशिनने डोळे मिटून घेतले.

आणि तिसऱ्या मजल्यावरून देसांकाचा आवाज आला, जुन्या कुठल्यातरी दिवसात हरवलेला, पण खणखणीत, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असा:

"रडू नकोस गं, ल्युबिंका! नेबोयशा मिलिवोयेचा नाही, हे त्याला सांगणार कोण? मी तर मेले तरी तोंड उघडायची नाही!"