सहा खेकडे

नवरा गेल्यावर विल्मा पहिल्यांदाच बाल्टिमोरच्या त्या जुन्या खेकडेवाल्याकडे एकटी आली. जेवण वाढणाऱ्या डार्लीनने टेबलावर खाकी कागद अंथरला आणि मसाल्यात वाफवलेले सहा खेकडे त्यावर ओतले. खेकडे फोडायला दिलेल्या लाकडी हातोडीला हातही न लावता विल्माने सगळे सुरीने फोडले. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे पांढऱ्याशुभ्र मांसाचा ढीग झाला.

"अगं राणी, नुसती बघत काय बसलीस? गार होतंय, खा की!" डार्लीन म्हणाली.

"मी कुठे खाते गं? मला तर वासही सहन होत नाही. चाळीस वर्षं एल्मरला नुसते फोडून देत आले."

विल्माने मसाल्याने चुरचुरणारी बोटं पुसली.

"अजून सहा आण."