गावाचा श्वास

तपासणीच्या कमानीखालून गेलं की दोन सेकंदांत रिपोर्ट हातात पडे, म्हणून या खडी-क्रशरच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टर ठेवलेलाच नव्हता. तानूबाईच्या रिपोर्टवर छापून आलं : 'फुफ्फुसं सामान्य.'

तिला घेऊन आलेल्या निवृत्त नर्स सुलभाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चार पायऱ्या चढताना तीनदा खाली बसली ही बाई! आणि म्हणे सामान्य!"

"सिस्टर, मशीन आपल्याच गावातल्या हजार जणांचे श्वास ऐकून शिकलंय," खिडकीतला कारकून नागेश म्हणाला. "त्यांच्यासारखाच हिचा आहे."

"त्या हजारांत खडीची धूळ न खाल्लेला एक तरी आहे का रे?"

नागेशनं रिपोर्टवरच्या 'सामान्य'वर बोट ठेवलं.

"स्टेथोस्कोप काढ."

"तो आता संग्रहालयात, सिस्टर."

सुलभाताईंना नर्सिंगचा पहिला धडा आठवला. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या डॉक्टरनं तरी आधी काय केलं होतं? कागदाची सुरळीच! त्यांनी तोच रिपोर्ट घट्ट गुंडाळला, एक टोक तानूबाईच्या पाठीला लावलं, दुसऱ्याला कान. आत प्रत्येक श्वासाला खडीवरून चाक गेल्यासारखी करकर होत होती.

"ये, तूच ऐक!"

नागेशनं वाकून कान लावला. मग सरळ होत, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "एवढंच ना, सिस्टर? असं तर आमच्या घरात सगळ्यांचंच वाजतं."

सुलभाताईंनी सुरळी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"शर्ट वर कर," त्या म्हणाल्या.